शॉयरेबे: कोणती बाटली घ्यावी, कोणती फळीवरच राहू द्यावी

जर्मनीतल्या वाइनच्या दुकानात रिस्लिंग या नावाजलेल्या पांढऱ्या वाइनची रांग संपली की खालच्या फळीवर शॉयरेबे या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनच्या दोन-चार बाटल्या उभ्या असतात. नाव अनोळखी, किंमत रिस्लिंगपेक्षा कमी, त्यामुळे बहुतेक जण पुढे सरकतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. नीट पिकलेल्या द्राक्षाची शॉयरेबे ही तिच्या किमतीत जर्मनीत मिळणारी सर्वात सुगंधी पांढरी वाइन आहे. अर्धवट पिकलेल्या द्राक्षाची शॉयरेबे मात्र कुणी भेट दिली तरी पिववत नाही. या जातीत मधलं फारसं काही मिळत नाही, म्हणून बाटली न उघडता आतलं द्राक्ष किती पिकलं होतं ते ओळखता आलं पाहिजे. या परीक्षणाचा मोठा भाग त्यावरच आहे.

ही संकरित जात १९१६ साली गेओर्ग शॉय यांनी जर्मनीच्या राइनहेसेन या वाइन प्रदेशातल्या आल्त्साय इथल्या द्राक्ष पैदास केंद्रात तयार केली. रोपाचा क्रमांक ८८, म्हणून ऑस्ट्रियात आजही तिला झेमलिंग ८८, म्हणजे अठ्ठ्याऐंशी नंबरचं रोप, असंच म्हणतात. त्या काळी राइनहेसेनमध्ये सिल्व्हानर ही जात सर्वत्र होती. पीक भरपूर, पण वास बेताचा. शॉय यांना तिची सुधारलेली आवृत्ती हवी होती: जास्त सुगंधी, थंडीला आणि चुनखडीच्या जमिनीला टिकणारी. नाझी राजवटीत या द्राक्षाला डॉक्टर वाग्नर नावाच्या पक्षाच्या शेतकरी पुढाऱ्याचं नाव दिलं गेलं होतं. युद्धानंतर ते काढून पैदासकाराचं नाव आलं.

कितीतरी दशकं सगळीकडे छापलं जायचं की शॉयरेबे हा सिल्व्हानर आणि रिस्लिंग यांचा संकर आहे. २०१२ मध्ये डीएनए तपासणीने ते खोटं ठरवलं. रिस्लिंग खरी निघाली, पण दुसरी जात बुकेटट्राउबे निघाली. बुकेटट्राउबे स्वतः सिल्व्हानर आणि ट्रोलिंगर यांच्या संकरातून आलेली, म्हणजे सिल्व्हानर आजीच्या नात्याने घरात आहेच. हे कुळ चवीत जाणवतं. कणखर आंबटपणा रिस्लिंगचा, आणि दरवळणारा वास बुकेटट्राउबेकडचा. जुन्या माहितीवर छापलेल्या दुकानांच्या पाट्यांवर अजूनही सिल्व्हानर लिहिलेलं आढळतं. त्यावरून वाइनबद्दल काही ठरवू नये.

आता वासाबद्दल सविस्तर. चांगल्या शॉयरेबेचा ग्लास नाकाशी नेला की पहिल्यांदा पपनस येतं, गराचं आणि सालीचं दोन्ही. मग काळं करंट, पिकू लागलेला पेरू, कधी कृष्णफळ. या सगळ्यामागचा मुख्य घटक गंधक असलेलं एक संयुग आहे, ४-मर्कॅप्टो-४-मिथिलपेंटेन-२-ओन. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात शॉयरेबेची ओळख पटवणारा गंध म्हणून ते दाखवलं गेलं. लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळतं, इतकं ते तीव्र आहे. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्येही हेच संयुग असतं, त्यामुळे नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांची सवय असलेल्या माणसाला शॉयरेबे पहिल्या घोटात ओळखीची वाटते. फरक दुसऱ्या घोटात कळतो: शॉयरेबे जिभेवर जास्त भरीव असते आणि हिरव्या मिरचीचा जो कच्चा वास सोव्हिन्यों ब्लांला चिकटलेला असतो, तो इथे सहसा नसतो.

याच संयुगाची दुसरी बाजू मांजराच्या मुताचा वास. पिकलेल्या द्राक्षात फळांचे बाकीचे गंध आणि गोडी त्याला सामावून घेतात. कमी पिकलेल्या द्राक्षात तो एकटाच वर येतो, सोबत टोमॅटोच्या पानाचा उग्र वास आणि जीभ आवळणारा आंबटपणा. म्हणून या जातीला मळ्यातली चांगली जागा लागते. ती रिस्लिंगसारखीच उशिरा पिकते आणि तिला उन्हाचा दक्षिणमुखी उतार हवा असतो. ज्या शेतकऱ्याने चांगला उतार रिस्लिंगला दिला आणि शॉयरेबेला उरलेली सपाट जमीन दिली, त्याची शॉयरेबे थंड वर्षात हमखास फसते. बाकीच्या बहुतेक जर्मन संकरित जाती वाईट जागीही साखर भरतील म्हणून निवडल्या गेल्या होत्या. शॉयरेबे त्या हिशोबात बसत नाही.

द्राक्षबागायतदारांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी. हे संयुग द्राक्षात मोकळं नसतं, बांधलेल्या आणि वास नसलेल्या रूपात असतं. आंबवताना यीस्ट ते मोकळं करतं. त्यामुळे मळ्यात मणी चाखून शेवटचा वास कळत नाही. आणि तांबं त्याचं वैरी आहे. काढणीच्या तोंडावर बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली, किंवा तळघरात गंधकाचा कुबट वास घालवायला कॉपर सल्फेट जास्त पडलं, की तांबं या संयुगाला बांधून टाकतं आणि वाइन स्वच्छ पण मुकी होते. हवेचंही तसंच. म्हणून जाणकार वाइनवाले रस शक्य तितका हवेपासून दूर ठेवतात, पोलादी टाकीत थंड आंबवतात आणि बाटलीला बुचाऐवजी फिरकीचं झाकण लावतात. शॉयरेबेच्या बाटलीला फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, असं समजू नये. उलट कोरड्या प्रकारात आम्ही तेच पसंत करतो.

बाटली निवडताना सर्वात आधी अल्कोहोलचा आकडा बघा. जर्मनीत रसातली साखर एक्सले अंशांत मोजतात: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. नाशिकच्या हिशोबात ९० अंश एक्सले म्हणजे साधारण साडेएकवीस ब्रिक्स, म्हणजे रसात वजनाने तितके टक्के साखर. असा रस पूर्ण आंबला तर १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. एक टक्का अल्कोहोलला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते. तेव्हा लेबलवर श्पेटलेझे (उशिरा तोडलेल्या, जास्त पिकलेल्या द्राक्षाची पायरी) आणि साडेआठ टक्के असं लिहिलं असेल, तर आत ६० ग्रॅमच्या आसपास साखर उरलेली आहे असं समजा. साडेबारा टक्के असेल तर वाइन कोरडी. दहा ते साडेअकराच्या मध्ये असेल तर अर्धी गोड. शब्दांपेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा.

शब्दही कळले पाहिजेत. ट्रोकेन म्हणजे कोरडी: लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते, पण आंबटपणाच्या आकड्यापेक्षा २ ग्रॅमहून जास्त नको. हाल्बट्रोकेन म्हणजे अर्धी कोरडी, तिला मर्यादा १८ ग्रॅम. फाइनहेर्ब या शब्दाला कायद्याची मोजपट्टी नाही, तो साधारण अर्ध्या गोड वाइनला लावतात, आणि शॉयरेबेत आम्हाला तो सर्वात खुलून दिसतो. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे आणि ट्रोकेनबेरेनआउसलेझे ही चढती भाजणी काढणीच्या वेळी रसात असलेल्या साखरेची आहे. श्पेटलेझेला प्रदेशानुसार किमान ७६ ते ९० अंश लागतात, शेवटच्या पायरीला १५० आणि वर, म्हणजे चौतीस ब्रिक्सच्या आसपास. इथे अनेकांची गल्लत होते ती अशी की ट्रोकेनबेरेनमधला ट्रोकेन हा सुकलेल्या मण्यांबद्दल आहे. ती वाइन सर्वात गोड असते.

पिकलेपणाची हमी हवी असेल तर ही भाजणी उपयोगाला येते. नुसतं शॉयरेबे ट्रोकेन असं लिहिलेल्या बाटलीत किती पिकलेलं द्राक्ष आहे ते कळायला मार्ग नसतो. श्पेटलेझे ट्रोकेन लिहिलं असेल तर काढणीच्या वेळी रसात असलेली किमान साखर कायद्याने ठरलेली आहे. तसं नसेल तर निदान १२ टक्के अल्कोहोल आहे का बघा. कोरडी आणि अकरा टक्क्यांची शॉयरेबे आम्ही अनोळखी घरची, म्हणजे वाइनरीची, कधीच सुचवणार नाही, कारण ते द्राक्ष बहुधा लवकर तोडलेलं असतं.

लेबलच्या मागच्या बाजूला गुट्सआबफ्युलुंग किंवा एर्त्सॉयगरआबफ्युलुंग हे शब्द शोधा. म्हणजे द्राक्ष पिकवणाऱ्यानेच, किंवा त्यांच्या सहकारी संस्थेने, बाटली भरली. नुसतं आबफ्युलर लिहिलं असेल तर वाइन विकत घेऊन भरलेली. तिथेच एक सरकारी तपासणी क्रमांक असतो, त्याचे शेवटचे दोन आकडे तपासणीचं वर्ष सांगतात. काढणीच्या पुढच्याच वर्षीचा आकडा कोरड्या शॉयरेबेसाठी ठीक. द्राक्षाचं नाव आणि वर्ष लिहायला किमान ८५ टक्के वाइन त्या जातीची आणि त्या वर्षाची लागते.

आता प्रकारांनुसार आमचा निवाडा.

सुपरमार्केटमधली पाच युरोंखालची गोड शॉयरेबे सोडून द्यावी. उत्पादन जास्त घेतलेलं असतं. वास पहिल्या क्षणी येतो, मग तोंडात साखरपाण्यापलीकडे काही राहत नाही. १९७०-८०च्या दशकांत जर्मन संकरित जातींची जी बदनामी झाली ती अशाच मालाने. १९७१ च्या वाइन कायद्याने दर्जा साखरेच्या अंशांवर ठरवला, आणि सपाट शेतांत सहज साखर भरणाऱ्या जातींचं पेव फुटलं. १९८० च्या दशकात जर्मनीत शॉयरेबेखाली चार हजारांहून जास्त हेक्टर होते, आता दीड हजाराच्या आसपास आहेत. हे घटणं ग्राहकाच्या फायद्याचं ठरलं. कमी प्रतीच्या जागा गेल्या आणि ज्यांना ही जात मनापासून आवडते त्यांच्याकडेच ती मुख्यतः राहिली.

आठ ते बारा युरोंमधली, शेतकऱ्याने स्वतः भरलेली कोरडी किंवा फाइनहेर्ब बाटली हा रोजचा उत्तम पर्याय. राइनहेसेन आणि फाल्त्स या दोन प्रदेशांत निवड सर्वात मोठी. फाल्त्सची वाइन अंगाने भरलेली, पेरू-कृष्णफळाकडे झुकणारी. नाहेची सडपातळ, आंबटपणा धारदार. फ्रांकेनमधली शॉयरेबे चपट्या गोल बॉक्सबॉयटेल बाटलीत येते, बहुतेक वेळा कोरडी असते आणि फळापेक्षा मसाल्याकडे जाते. इफोफेन गावचं विर्शिंग हे घर फ्रांकेनच्या शैलीची ओळख करून घ्यायला योग्य आहे. नाहेसाठी क्रुगर-रुम्प्फ.

श्पेटलेझे ही या जातीची खरी जागा असं आम्ही ठामपणे म्हणतो. फाल्त्समधल्या हार्ट गावच्या म्युलर-कातुआर या घराने ते जगाला दाखवून दिलं. हान्स-ग्युंटर श्वार्त्स हे २००२ पर्यंत तिथले तळघरप्रमुख होते. वाइनला शक्य तितका कमी हात लावायचा, ही त्यांची पद्धत पुढच्या पिढीच्या कितीतरी वाइनवाल्यांनी उचलली. त्यांच्या मांडेलरिंग मळ्यातली शॉयरेबे श्पेटलेझे चाखून अनेकांनी संकरित जातींबद्दलचं मत बदललं. बाड ड्युर्कहाइमजवळचं फेफिंगेन हे दुसरं घर, तिथली शॉयरेबे जरा संयमी आणि लांबवर चव ठेवणारी. चांगल्या श्पेटलेझेत साठ ग्रॅम साखर असूनही घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. तोंड चिकट झालं तर आंबटपणा कमी पडला, म्हणजे वर्ष फार उष्ण होतं किंवा काढणी लांबली.

गोडाच्या टोकाला ऑस्ट्रियाकडे बघावं लागतं. नॉयझीडल सरोवराच्या काठी शरदात धुकं येतं, दुपारी ऊन पडतं, आणि बोट्रायटिस बुरशी मण्यांची साल भेदून आतलं पाणी उडवते. नाशकात ही बुरशी दिसली की घड काढून फेकतात. तिथे तिची वाट बघतात. इल्मित्स गावच्या क्राखर घराची शॉयरेबेची ट्रोकेनबेरेनआउसलेझे ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत मिळते. जर्दाळू, मध, संत्र्याची साल, आणि खाली पपनसाचा कडवट आंबट धागा. महाग आहे, पण एक अर्धी बाटली सहा-सात जणांना पुरते आणि तितक्याच तोलाच्या रिस्लिंगपेक्षा बरीच स्वस्त पडते.

स्वस्ताईचं कारणही सांगायला हवं. जर्मनीतल्या निवडक घरांची व्हीडीपी ही संघटना सर्वोच्च मळ्यांतल्या कोरड्या वाइनला ग्रोसेस गेवेक्स हा दर्जा देते, आणि त्यासाठी मान्य जातींत शॉयरेबे नाही. मळा कितीही चांगला असो, तिच्या बाटलीवर ती मोहर येत नाही, म्हणून दरही त्या पातळीला जात नाही. आमच्या मते हा नियम या जातीवर अन्याय करतो. ग्राहकाने त्याचा फायदा घ्यावा.

याच फळीवर शेजारी उभ्या असलेल्या संकरित जातींशी तुलना थोडक्यात. म्युलर-थुरगाउ सौम्य, कमी आंबट, लवकर संपवायची. केर्नर रिस्लिंगची जवळची, नीटनेटकी, पण शॉयरेबेइतकं लक्ष वेधत नाही. बाखुस फ्रांकेनमध्ये शॉयरेबेची स्वस्त सोय म्हणून विकली जाते. वास तसाच उसळतो, आंबटपणा मात्र पडेल असतो. हुक्सलरेबे आणि झीगररेबे याही शॉय यांच्याच. झीगररेबेचा वास इतका दाट की पूर्ण ग्लास संपवणं कठीण.

पिण्याची रीत. कोरडी आणि श्पेटलेझे दोन्ही ८ ते १० अंश सेल्सिअसला द्याव्यात. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो, म्हणून बाटली पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढावी, नाहीतर थंडीने वास बसतो आणि फक्त आंबट लागतं. पुण्या-नागपुरात एप्रिलमध्ये उलट काळजी घ्यायची: एका वेळी ८०-१०० मिलिलिटरच ओतायची आणि बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवायची. ग्लास वर निमुळता होणारा मध्यम हवा. उघडल्यावर उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नये, ग्लास दोन-तीन मिनिटं फिरवला की बहुतेक वेळा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे, तो जात नाही, बाटली परत द्यावी. मुताचा वास दहा मिनिटांनंतरही तसाच राहिला, तर ते द्राक्षच कच्चं होतं.

जेवणात ही जात रिस्लिंगपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण तिच्या वासात कोथिंबीर, ओलं खोबरं, लिंबाची साल यांच्याशी जुळणारं काहीतरी आहे. हिरवी चटणी भरलेलं पापलेट आणि कोरडी शॉयरेबे ही जोडी आम्ही सर्वात वर ठेवू. तिरफळ घातलेल्या गोव्याकडच्या बांगड्याच्या कालवणाला फाइनहेर्ब. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिथे कोरडी वाइन कडू लागते, अर्धी गोड हवी. ठेचा, झणझणीत रस्सा यांना साडेबारा टक्क्यांची कोरडी वाइन देऊ नका, अल्कोहोलने तिखटाचा जाळ वाढतो. साडेआठ टक्क्यांची श्पेटलेझे तो जाळ शमवते. भाजक्या खोबऱ्याच्या काळ्या वाटणाला मात्र ही जात जात नाही, दोघांची ओढाताण होते. गोड पदार्थांना एकच कसोटी: पदार्थ वाइनपेक्षा गोड नको. श्रीखंड आणि आमरस श्पेटलेझेला आंबट ढोण करून टाकतात. निळ्या बुरशीचं खारट चीज आणि आउसलेझे हे एकत्र चांगलं. जर्मनीत वसंतातल्या पांढऱ्या शतावरीसोबत सिल्व्हानर पिण्याची प्रथा आहे. तिथे हलकी कोरडी शॉयरेबे देऊन बघावी.

टिकण्याबद्दल. कोरडी बाटली काढणीपासून दोन-तीन वर्षांत संपवावी, वास टवटवीत असतो तोवर. श्पेटलेझे चांगल्या घरची असेल तर आठ-दहा वर्षं जाते, पपनस मागे पडून मध आणि सुकं जर्दाळू पुढे येतं. शेवटच्या दोन गोड पायऱ्या दशकानुदशकं टिकतात. पण हे सगळं १२ अंशांच्या तळघरातलं. मुंबईच्या कपाटात ३० अंशांना कोरडी शॉयरेबे एका उन्हाळ्यातच मलूल होते, तेव्हा फ्रिजच्या तळच्या कप्प्यात आडवी किंवा उभी ठेवून काही महिन्यांत प्यावी. उघडलेली कोरडी बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन दिवस, गोड श्पेटलेझे पाच-सहा दिवस चांगली राहते.

जर्मनीहून भारतात येताना प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लिटरपर्यंत मद्य आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि एक अर्धी मिळून १.८७५ लिटर होतात. एक फाल्त्सची श्पेटलेझे, एक फ्रांकेनची कोरडी, आणि अर्धी बाटली बेरेनआउसलेझेची आणली तर या जातीची तिन्ही रूपं एकाच खेपेत येतात. बॉक्सबॉयटेल चपटी असल्याने कपड्यांत नीट बसते. बॅगेच्या मधोमध ठेवावी आणि घरी पोचल्यावर आठवडाभर स्थिर राहू द्यावी.